दर सांगण्याआधी वाट मोजा

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातल्या तरुण मंडळींनो, शेतकरी कंपन्यांच्या संचालकांनो, बचत गटांतल्या ताईंनो, हे चार शब्द तुमच्यासाठी आहेत.

सध्या निर्यातीचा मोठा बोलबाला आहे. मोबाइल उघडला की कुणी ना कुणी सांगत असतो, इथला माल तिकडे दुपटीने विकतो, फक्त धाडस पाहिजे. शहरातल्या हॉटेलांत दोन-दोन दिवसांची शिबिरं भरतात. फी घेतली जाते, प्रमाणपत्र मिळतं, फोटो निघतो. घरी आल्यावर मात्र पहिलाच प्रश्न तसाच असतो: माल गाडीत भरला, आता पुढे काय?

माझं सांगणं एवढंच आहे. परदेशातल्या गिऱ्हाइकाला दर सांगण्याआधी आपल्या खळ्यापासून त्याच्या गोदामापर्यंतची वाट कागदावर मांडा. प्रत्येक टप्प्यासमोर तीन गोष्टी लिहा: खर्च कोणाचा, जोखीम कोणाची आणि कागद कोणता. ही तीन उत्तरं लिहिता आली, तर निर्यात हा सरळ हिशेबाचा धंदा आहे. ती न लिहिता माल पाठवणं हा जुगार आहे, आणि जुगारात हरलेल्याचं कुणी ऐकून घेत नाही.

समुद्र लांब आहे म्हणून हे आपल्याला जमणार नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला तेरला घेऊन जा. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात तगर नावाचं शहर येतं. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेलं हे शहर म्हणजेच आपल्या जिल्ह्यातलं तेर. इथलं जाडंभरडं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जात असे. त्या व्यापाराच्या काळातल्या वस्तू तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात आजही पाहायला मिळतात. आज बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, पुणे या वाटेने उरणजवळचं न्हावाशेवा बंदर गाठायला साडेतीनशे किलोमीटरच्या वर अंतर पडतं. गाडी रात्री निघाली तर दुसऱ्या दिवशी पोहोचते. अंतर हा आता अडथळा राहिलेला नाही. माल अडतो तो बहुतेक वेळा कागदावर नाहीतर दराच्या चुकीच्या बोलीवर.

आधी माल तपासा

आपल्या भागात सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी, कांदा पिकतो. भूम-वाशी पट्ट्यातल्या खव्याचं नाव आहे. तेरखेड्याचे फटाके सगळ्या महाराष्ट्रात जातात. पण जे विकतं ते सगळं जहाजावर चढतंच असं नाही. फटाके हा समुद्री वाहतुकीच्या नियमांत पहिल्या वर्गाचा धोकादायक माल आहे. त्याचं पॅकिंग, परवाने, जहाज कंपनीची संमती हे सगळं वेगळं, आणि टपालाने तर तो पाठवताच येत नाही. खवा नाशवंत. शिवाय दुधाच्या पदार्थांना बहुतेक देश पशुवैद्यकीय दाखला आणि कारखान्याची नोंदणी मागतात. म्हणून नवख्या माणसाने या दोन मालांपासून सुरुवात करू नये. सोयाबीन बहुतांशी लातूरच्या बाजारात आणि तिथल्या तेल गिरण्यांत जातं. पुढे त्याची पेंड परदेशी जाते, ती मोठ्या निर्यातदारांच्या हातून. त्या साखळीत आपला फायदा वाळवण, चाळण आणि प्रतवारी नीट करण्यात आहे. कंटेनरच्या मागे धावण्यात नाही.

दुसरी गोष्ट सरकारी धोरण. कांद्याचंच बघा. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं. ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलरचं किमान निर्यात मूल्य आलं. 8 डिसेंबर 2023 ला थेट बंदी झाली. ती 4 मे 2024 ला उठली, पण 550 डॉलरचं किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबर 2024 मध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क निम्म्यावर आलं. उरलेलं 20 टक्के शुल्क 1 एप्रिल 2025 पासून हटलं. दोन वर्षांच्या आत इतक्या वेळा नियम फिरला. डाळींवर तर 2006 पासून 2017 पर्यंत, काही अपवाद सोडले, तर बंदीच होती. म्हणून सौदा करताना दोन गोष्टी पाळा. त्या मालाचा आठ आकडी एचएस कोड (वर्गीकरण क्रमांक) काढून डीजीएफटीच्या, म्हणजे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या, यादीत तो आज खुला आहे का, हे पाहा. आणि करारात लिहून घ्या, की सरकारने मध्येच बंदी किंवा शुल्क आणलं तर त्याचा भार कोणावर. तोंडी बोलीवर सोडलेला हा मुद्दा नेहमी विकणाऱ्याच्या अंगावर येतो.

तिसरी गोष्ट घेणाऱ्या देशाचा नियम. 2010 साली आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅट या वाढरोधकाचा अंश युरोपात ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला. माल तिथल्या बंदरात अडकला आणि बागायतदार व निर्यातदार दोघेही पोळले. बागेत केलेल्या एका फवारणीचा हिशेब नेदरलँड्समध्ये मागितला जातो. कांदा असो, डाळिंब असो, फवारणीची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. गिऱ्हाईक कांद्याचा आकार मिलिमीटरमध्ये सांगतं, म्हणजे ते मिलिमीटरमध्येच मोजून घेणार आहे, हेही ध्यानात असू द्या.

कागद स्वतः काढा

आयात-निर्यात क्रमांक, म्हणजे आयईसी, डीजीएफटीच्या संकेतस्थळावर घरबसल्या मिळतो. सरकारी फी 500 रुपये. पॅन क्रमांक हाच आयईसी असतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती ताजी करावी लागते, नाहीतर तो बंद पडतो. माल बंदरात आणि क्रमांक बंद, अशी वेळ येऊ देऊ नका. याच कामाचे कुणी पाच-दहा हजार मागत असेल, तर त्याला नमस्कार करा आणि पुढे चला.

त्यानंतर बँकेचा एडी कोड कस्टमच्या आइसगेट संकेतस्थळावर नोंदवायचा. जीएसटी न भरता माल पाठवायचा असेल, तर आर्थिक वर्ष सुरू होताच एलयूटी, म्हणजे हमीपत्र, दाखल करायचं. फळं, भाजी, गूळ, धान्य असल्या मालाला अपेडा या कृषी निर्यात प्राधिकरणाची नोंदणी लागते. खाद्यपदार्थाला एफएसएसएआय लागतंच. कच्च्या शेतमालासोबत वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र जातं, सवलतीचं शुल्क मिळवायचं असेल तर मूळ देशाचा दाखला जातो. लाकडी पॅलेट वापरणार असाल, तर लाकूड 56 अंशांवर सलग 30 मिनिटं तापवून त्यावर ठरलेला शिक्का हवा. शिक्का नसलेल्या पॅलेटपायी चांगला माल परत आल्याची उदाहरणं या धंद्यात कमी नाहीत.

बीजक, पॅकिंग लिस्ट आणि शिपिंग बिल या तिन्हींवर नाव, वजन, नग आणि मालाचं वर्णन अक्षराला अक्षर जुळलं पाहिजे. एकीकडे 'गूळ पावडर' आणि दुसरीकडे 'साखर', असं झालं की फाइल टेबलावर थांबते. तिकडे तुमचं भाडं चालूच राहतं.

कस्टमचं काम परवानाधारक कस्टम ब्रोकर करतो. सगळे त्याला सीएचए म्हणतात. जहाजातली जागा, ट्रेलर, कंटेनर यांची जुळणी फॉरवर्डर करतो. दोघांकडून लेखी दरपत्रक घ्या, आणि तेही एकरकमी आकड्याचं नको. समुद्रभाडं, टर्मिनल हाताळणी, बीएलचा (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीच्या माल-पावतीचा) खर्च, सील, क्लिअरिंग, ट्रेलर, रिकामा कंटेनर आणण्याचं भाडं, फ्री दिवस किती आणि ते संपल्यावर रोजचा दंड किती, हे प्रत्येक कलम वेगळं लिहून मागा. समुद्रभाडं स्वस्त सांगून बाकीच्या कलमांत वसूल करणारे खूप भेटतात. किमान तिघांची दरपत्रकं शेजारी ठेवून वाचली, की कोण काय लपवतो ते आपोआप दिसतं.

कंटेनर दारात आला की

वीस फुटी कंटेनरच्या आत साधारण 33 घनमीटर जागा असते. डाळ, गूळ असा जड माल असेल तर वीस टनांच्या आसपास माल त्यात बसतो. रिकामा कंटेनर बंदराजवळच्या यार्डातून निघतो, वाशीला येतो आणि भरून परत जातो. म्हणजे भाडं दोन्ही बाजूंचं बसतं. त्यामुळे थोड्या मालासाठी कंटेनर गावात बोलावण्यात राम नाही. साध्या ट्रकने माल उरण भागातल्या सीएफएसमध्ये, म्हणजे कंटेनर भरण्याच्या गोदामात, न्यायचा आणि तिथे कंटेनर भरायचा, हे बहुतेक वेळा परवडतं. मात्र हमाली आणि हाताळणी वाढते, पोती फुटतात, आणि आपल्या नजरेआड माल भरला जातो. माणूस सोबत पाठवा.

कंटेनर गावातच भरायचा ठरला, तर भरण्याआधी पाव तास त्याला द्या. दोघांनी आत जायचं आणि तिसऱ्याने बाहेरून दार लावून घ्यायचं. आत पूर्ण अंधार पाहिजे. कुठे सुईएवढा जरी उजेड दिसला, तरी तिथून समुद्राचं पाणी येणार. मग नाक वापरा. आधीच्या मालाचा, रसायनाचा, मासळीचा वास राहिला असेल तर तो गुळात आणि पिठात उतरतो. फळीवर हात फिरवून ओल बघा, वर आलेले खिळे ठोकून घ्या, दाराचं रबर दाबून बघा. यातलं काहीही खटकलं तर कंटेनर परत करा. ड्रायव्हर कुरकुर करेल, करू द्या. एकदा सील लागलं की त्या कंटेनरचा दोष तुमच्या मालाचा दोष होतो.

भरताना पोती भिंतीला घट्ट चिकटवू नका. दिवसा उन्हात आणि रात्री गारव्यात कंटेनरच्या छताला आतून पाणी धरतं आणि ते थेंब थेंब मालावर पडतं. गुळाला तर हे फारच बाधतं. वरून क्राफ्ट कागद टाका, ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगा. रिकामा, अर्धा भरलेला, पूर्ण भरलेला आणि सील लावलेला असे चारही फोटो काढा. कंटेनरवर चार अक्षरं आणि सात आकडे असतात. ते आणि सीलचा क्रमांक फोटोत स्पष्ट वाचता आला पाहिजे. उद्या विम्याचा दावा करायची वेळ आली, तर हेच फोटो तुमचे साक्षीदार.

भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन कळवणं 1 जुलै 2016 पासून जगभर सक्तीचं आहे. अंदाजाने आकडा टाकू नका, काट्यावर करून पावती ठेवा. आणि जहाजाच्या कटऑफच्या, म्हणजे स्वीकारण्याच्या शेवटच्या, वेळा फॉरवर्डरकडून आधीच लिहून घ्या. गेटची वेळ वेगळी, कागदांची वेगळी, वजनाची वेगळी. एक चुकली तरी कंटेनर पुढच्या जहाजावर जातो, आणि मधल्या दिवसांचं भाडं तुमच्या खात्यावर पडतं.

दर कुठपर्यंतचा?

गिऱ्हाईक विचारतं, "रेट काय?" तुम्ही आकडा सांगता. पण तो आकडा कुठपर्यंतचा? एफओबी म्हटलं तर माल जहाजावर चढेपर्यंत खर्च आणि जोखीम तुमची, पुढची त्याची. सीआयएफ म्हटलं तर त्याच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा तुमचा, पण जोखीम मात्र माल आपल्या बंदरात जहाजावर चढताच त्याच्याकडे गेलेली असते. हे पुष्कळांना ठाऊक नसतं, आणि वाटेत माल खराब झाला की दोघं भांडत बसतात. कंटेनरच्या मालाला आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळ (आयसीसी) एफसीएची, म्हणजे माल वाहतूकदाराच्या ताब्यात देताच जोखीम सरते अशा बोलीची, शिफारस करतं, कारण कंटेनर जहाजावर चढण्याच्या कितीतरी आधी तो आपल्या हातून टर्मिनलकडे गेलेला असतो. आणि डीडीपी म्हणाल तर तिकडचं आयातशुल्कसुद्धा तुमच्या माथी. ऑगस्ट 2025 च्या अखेरीस अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी बंद केली, तेव्हा 'घरपोच, सगळं धरून' असा दर देणाऱ्या छोट्या विक्रेत्यांचा हिशेब एका रात्रीत कोलमडला. नवख्याने डीडीपीच्या वाटेला जाऊ नये.

दराची मुदतही लिहा. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपला जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास दहा-पंधरा दिवसांनी वाढला, भाडी भडकली. ज्यांनी महिनाभरापूर्वीचं भाडं धरून दर दिला होता, त्यांना फरक खिशातून भरावा लागला. 'हा दर सात दिवसांसाठी' एवढी एक ओळ तेव्हा कामी आली असती.

पैसे आणि विमा

ओळख नसलेल्या गिऱ्हाइकाकडून पूर्ण आगाऊ किंवा निम्मे आगाऊ पैसे घ्या. मोठा सौदा असेल तर चांगल्या बँकेची एलसी, म्हणजे पतपत्र, मागा आणि तिच्या अटी माल भरण्याआधी आपल्या बँकेत बसून वाचा. एलसीत लिहिलेली तारीख, नाव, नग यांत किरकोळ तफावत निघाली, तरी बँक पैसे अडवू शकते. बीएल म्हणजे मालाची किल्ली आहे. मूळ बीएल साधारण तीन प्रतींत निघतं, आणि त्यातली एक प्रत ज्याच्या हातात, तो माल सोडवू शकतो. पैसे येण्याआधी मूळ बीएल कुरिअरने थेट गिऱ्हाइकाला पाठवू नका, ते बँकेमार्फत जाऊ द्या.

उधारीवर माल द्यावाच लागला तर ईसीजीसीचा विमा घ्या. ही सरकारी कंपनी 1957 पासून हेच काम करते आणि गिऱ्हाइकाची पतही तपासते. तिने पत नाकारली, तर तो सल्ला समजा आणि माघार घ्या. "तुमच्या कंपनीला टेंडर लागलंय, आधी नोंदणी फी भरा" असा मेल आला, तर तो न वाचता पुसून टाका. माल विकत घेणारा माणूस पैसे देतो, मागत नाही.

मालाचा सागरी विमाही वेगळा घ्या. मे 2025 मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ एमएससी एल्सा 3 हे जहाज 640 कंटेनर घेऊन बुडालं. हवामान, आग, टक्कर, कशावरच आपला ताबा नाही. सीआयएफमध्ये विकणाऱ्यावर बंधन असतं ते सगळ्यात कमी संरक्षणाच्या 'सी' कलमाचं, बीजकाच्या 110 टक्के रकमेसाठी. ओलावा, चोरी यांसाठी 'ए' कलम मागून घ्या. विमा प्रतिनिधीला हे अक्षर सांगूनच मागा.

सुरुवात लहान करा

पहिल्याच वर्षी कंटेनर भरायचा हट्ट धरू नका. लोणचं, मसाला, ज्वारीच्या पापड्या, गूळ पावडर असा टिकाऊ आणि हलका माल असेल तर टपाल खात्याकडे जा. 2022 पासून टपाल खात्याने डाकघर निर्यात केंद्रं सुरू केली आहेत. कस्टमची घोषणा तिथल्या प्रणालीवर भरता येते, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. आपल्याला सगळ्यात जवळचं केंद्र कोणतं, हे डाकघरात विचारा.

खाजगी कुरिअरने पाठवताना खोक्याच्या मापाकडे लक्ष द्या. सेंटिमीटरमध्ये लांबी, रुंदी, उंची गुणून 5000 ने भागतात, आणि येणारं वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर भाडं त्यावर लावतात. 40 बाय 40 बाय 40 च्या खोक्यात सहा किलो पापड भरले, तर भाडं 12.8 किलोचं पडतं. खोकं लहान केलं की नफा वाढतो, त्यासाठी नवं गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

त्याच्या पुढची पायरी एलसीएल. चार-पाच निर्यातदारांचा माल एका कंटेनरमध्ये जातो आणि तुम्ही घनमीटर किंवा टन यांतल्या जास्तीच्या मापाने पैसे भरता. शेजारचा माल कोणता आहे, ते मात्र विचारून घ्या. तिसरी वाट म्हणजे मुरलेल्या निर्यातदाराला माल पुरवायचा. यात नफा थोडा कमी मिळतो, पण प्रतवारी, पॅकिंग आणि वेळ पाळण्याचं शिक्षण दुसऱ्याच्या खर्चाने होतं. दोन हंगाम असे काढलेला गट पुढे स्वतःच्या नावाने माल पाठवतो, तेव्हा फसत नाही.

शिकायचं असेल तर पुण्याच्या कृषी पणन मंडळाचं निर्यात प्रशिक्षण आहे. धाराशिवच्या जिल्हा उद्योग केंद्रात निर्यातीची चौकशी करता येते. अपेडाच्या संकेतस्थळावर कोणत्या देशाला काय लागतं, हे फुकट वाचता येतं. हॉटेलातल्या शिबिराची फी भरण्याआधी या तीन ठिकाणी जाऊन या.

आणि एकट्याने करू नका. तालुक्यात पाच गट असतील तर त्यांनी एक सीएचए, एक फॉरवर्डर आणि कागद सांभाळणारा एक पगारी मुलगा किंवा मुलगी ठेवावी. बारावी झालेली, संगणक येणारी, बीजकातली चूक पकडणारी मुलं आपल्या गावात आहेत. आज ती पुण्याला जाऊन दुसऱ्यांची बीजकं टाइप करतात.

येत्या ग्रामसभेत किंवा कंपनीच्या बैठकीत एक काम करा. एक माल निवडा, एक देश निवडा. कोऱ्या कागदावर खळं, ट्रक, सीएफएस, कस्टम, जहाज, तिकडचं बंदर, गिऱ्हाइकाचं गोदाम असे रकाने आखा आणि प्रत्येकाखाली खर्च, जोखीम, कागद लिहा. जो रकाना कोरा राहील, त्याचं उत्तर मिळेपर्यंत कुणालाही दर सांगू नका. सगळे रकाने भरले आणि तरीही खाली नफा उरला, तर खुशाल माल पाठवा.